कॉरिंथच्या नाट्यगृहात हाक मारली तर ओ कोण देईल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही एक श्रुतिका लिहिताय. काळ ख्रिस्तपूर्व 146, रोमनांनी कॉरिंथ नुकतंच घेतलंय आणि जाळलंय. ओसाड नाट्यगृहात एक रोमन सैनिक आणि एक ग्रीक म्हातारा. सैनिक हाक मारतो, आवाज परत येतो. यावर तुम्ही विचारलंय, की प्रतिध्वनीला प्राचीन ग्रीकमध्ये आणि लॅटिनमध्ये शब्द काय, आणि दोघांच्याही तोंडी सरळ ‘इको’ घातलं तर चालेल का.

म्हाताऱ्याच्या तोंडी चालेल, उच्चार बदलून. सैनिकाच्या तोंडी मी घालणार नाही. पण एवढ्यावर तुमचं काम भागणार नाही, कारण तुम्ही नाम मागताय आणि अडचण क्रियापदाची आहे. ग्रीक आणि लॅटिन मी बरीच वर्षं शिकवते, थोडंफार भाषांतरही करते. ‘या शब्दाला तिकडे काय म्हणतात’ असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारते: नेमकं काय ऐकू येतंय?

मराठीत आपण तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. आवाज घुमतो, म्हणजे तो संपल्यावरही जागेत रेंगाळतो. आवाज दुमदुमतो, म्हणजे सगळी जागा त्यानं भरून जाते. आणि आवाज परत येतो, म्हणजे आपलाच शब्द थोड्या वेळानं सुटा, ओळखू येईल असा ऐकू येतो. हा तिसरा प्रकार खरा प्रतिध्वनी. त्यासाठी मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यांच्यात साधारण एक दशांश सेकंदाचं अंतर लागतं. म्हणजे भिंत किंवा कडा निदान 17 मीटर लांब हवा. त्याहून जवळ असेल तर कान दोन्ही एकच समजतो आणि आपल्याला नुसतं घुमल्यासारखं वाटतं. तुमच्या प्रसंगात सैनिकाला आपला शब्द ओळखू यायला हवाय, असं मी धरून चालते. तसं नसेल तर खालचं निम्मं उत्तर बाजूला ठेवा.

आधी ग्रीक. मूळ शब्द ‘एखे’, अर्थ आवाज, गलका, गाज. होमरच्या काव्यात समुद्राला ‘एखेएस्सा’ म्हटलंय, म्हणजे गाजणारा. परत येण्याचा त्यात काही संबंध नाही. जहाजं सैनिकांच्या ओरडण्यानं दणाणली, असं इलियडमध्ये येतं, पण तिथेही वेगळंच क्रियापद आहे आणि अर्थ दणाणण्याचा आहे, उलट बोलण्याचा नाही. याच ‘एखे’पासून ‘एखो’ झाला. देवनागरीत नेमकं लिहायचं तर ‘ॲखॉ’ असं लिहावं लागेल, दोन्ही स्वर लांब आणि मधला ख आपल्यासारखाच. (इंग्रजीतून ग्रीक शिकणाऱ्यांना हा ख जमता जमत नाही. आपल्याला तो फुकट मिळालाय, तेव्हा नटांना ‘इको’ म्हणू देऊ नका.)

या शब्दाची गंमत त्याच्या शेवटात आहे. ग्रीकमध्ये अशा ओकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा एक छोटा गट आहे आणि त्यात बायकांची नावं पुष्कळ: साप्फो, कालिप्सो, लेतो. ‘पेइथो’ म्हणजे मन वळवणं, आणि पेइथो नावाची देवीही आहे. ‘एखो’ची विभक्ती अगदी तशीच चालते. त्यामुळे ग्रीक माणूस प्रतिध्वनी म्हणतो तेव्हा व्याकरणच त्याला एका बाईचं नाव घ्यायला लावतं. पिंदारस हा ग्रीक कवी एका विजयगीतात एखोला हाक मारून सांगतो, की पाताळाची राणी पर्सेफोनी हिच्या काळ्या भिंतींच्या घरात जा आणि मुलाच्या विजयाची बातमी त्याच्या मेलेल्या बापाला दे. आवाज पाताळापर्यंत पोचवायचा तर तो कुणीतरी घेऊन जायला हवा ना!

आता तुमच्या म्हाताऱ्यासाठी एक खास गोष्ट. कॉरिंथ डोरिक या ग्रीक बोलीचं शहर. अथेन्सवाला जिथे ‘ए’ म्हणेल तिथे डोरिक माणूस पुष्कळदा ‘आ’ म्हणतो. म्हणून त्याच्या तोंडी ‘एखो’ नाही, ‘आखो’. त्या काळापर्यंत सगळीकडे चालणारी सामाईक ग्रीक बरीच पसरली होती, तेव्हा शिकलेला व्यापारी ‘एखो’ही म्हणाला असता. पण म्हातारा गावातच जन्मलेला असेल तर ‘आखो’ द्या. मराठी श्रोत्याला त्यात ‘आख्खं’ ऐकू येण्याचा धोका आहे, तेव्हा पहिल्यांदा तो शब्द येईल तिथे आजूबाजूचं वाक्य स्पष्ट ठेवा.

आता लॅटिन. इथे बहुतेकांची ठेच लागते, माझीही लागली होती. लॅटिनमध्ये प्रतिध्वनीला खास, फक्त त्याच कामाचं असं देशी नाम नव्हतं. पुढच्या कवींनी ग्रीक ‘एखो’ उसना घेतला, पण तो ग्रीक कथेचा वास घेऊनच आला. देशी वापर होता ‘इमागो’चा. इमागो म्हणजे प्रतिमा, चित्र, छबी. वारो हा रोमन लेखक शेतीवरच्या पुस्तकात सांगतो, की मधमाश्यांची पोळी अशा जागी ठेवावीत जिथे ‘इमागिनेस’ घुमत नाहीत. रोमन कवी वर्जिलही मधमाश्यांबद्दल बोलताना तेच बजावतो: जिथे पोकळ खडक आघातानं वाजतात आणि आपटलेली ‘आवाजाची इमागो’ उसळून परत येते, ती जागा टाळा. विद्यार्थिदशेत मी या ओळीचं भाषांतर ‘आवाजाची मूर्ती’ असं केलं होतं. आमच्या सरांनी समासात एवढंच लिहिलं, ‘मधमाश्या मूर्तीला कशाला घाबरतील?’ मला तेव्हा वाटलं, की ही नुसती काव्यात्म उपमा. पुढे वारोची कोरडी, शेतकऱ्याला सल्ला देणारी ओळ वाचली आणि कळलं, की उपमा नाही, हा बोलीतला साधा शब्द आहे. शेतीवर लिहिणारा दुसरा रोमन लेखक कोलुमेलाही पोळ्यांच्या जागेबद्दल असंच सांगतो आणि वर म्हणतो, की ग्रीक लोक याला एखो म्हणतात. म्हणजे रोमन शेतकऱ्याच्या लेखी ‘एखो’ हा परक्यांचा शब्द.

इमागोचा आणखी एक अर्थ तुम्हाला उपयोगी पडेल. रोममधल्या मोठ्या घराण्यांत मेलेल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवलेले असत, आणि घरातल्या कुणाच्या अंत्ययात्रेत ते मुखवटे घालून माणसं चालत. त्या मुखवट्यालाही इमागोच म्हणत. बोलणारा नाही आणि त्याचा चेहरा मात्र समोर चालतोय, तसा बोलणारा गप्प झालाय आणि त्याचा आवाज मात्र येतोय. या प्रथेचं सविस्तर वर्णन पोलिबिअस या ग्रीक इतिहासकारानं केलंय, आणि तो स्वतः कॉरिंथच्या पाडावाच्या वेळचा साक्षीदार होता. स्त्राबोनं त्याचा हवाला देऊन लिहिलंय, की रोमन सैनिक तिथली नामांकित चित्रं जमिनीवर टाकून त्यांच्यावर सोंगट्या खेळत होते. तुमच्या सैनिकाला हातात काहीतरी काम हवं असेल तर हे घ्या.

पण सैनिक ‘इमागो’ म्हणेल का? इथे मी जरा हात राखून बोलेन. प्रतिध्वनी या अर्थी इमागोचे जे वापर मी वर सांगितले, ते सगळे पुढच्या शतकातले किंवा त्याहून नंतरचे. 146 साली तो अर्थ बोलण्यात असेलही. पण पुराव्यानिशी बोलायचं तर क्रियापदाकडे जायला हवं, आणि सुदैवानं तिथे अगदी त्या पिढीचा पुरावा आहे.

आक्किउस हा रोमन नाटककार ख्रिस्तपूर्व 170 चा. कॉरिंथ पडलं तेव्हा तो 24 वर्षांचा, म्हणजे तुमच्या सैनिकाच्याच वयाचा समजा. त्यानं फिलोक्तेतीसवर नाटक लिहिलं. पायाच्या जखमेला घाण सुटली म्हणून सोबत्यांनी लेम्नोस बेटावर एकटं टाकून दिलेला हा ग्रीक धनुर्धर. आक्किउसचं नाटक हरवलं, पण रोमन वक्ता सिसेरो याला त्यातल्या काही ओळी आवडत म्हणून त्या वाचल्या. त्यांत फिलोक्तेतीस म्हणतो, की मी पडलोय एका ओल्या निवाऱ्यात, आणि हा निवारा मुका असूनही माझं रडणं, कण्हणं, ओरडणं घुमवून तेच करुण आवाज परत आणतोय. लॅटिनमध्ये शेवट असा, ‘रेसोनान्दो मूतुम् फ्लेबिलेस वोकेस रेफेर्त’. ‘रेसोनारे’ म्हणजे उलट वाजणं, ‘रेफेर्रे’ म्हणजे परत आणणं, आणि मधोमध ‘मूतुम्’, मुकं.

आता याच फिलोक्तेतीसवरचं सोफोक्लीसचं ग्रीक नाटक घ्या, ख्रिस्तपूर्व 409 चं. तिथे त्याच्या विव्हळण्याला दुरून ओ देणारी कोण आहे? ‘आथिरोस्तोमोस आखो’, तोंडाला दार नसलेली आखो. (कोरसची गाणी डोरिक ढंगात असतात, म्हणून इथेही ‘आखो’.) एकच गुहा, एकच जखमी माणूस. ग्रीक कवीला तिथे बडबडी बाई ऐकू येते, रोमन कवीला मुका दगड. माझ्या मते तुमचा सगळा प्रसंग या फरकावर उभा राहू शकतो. म्हातारा विचारेल, ‘ती काय म्हणाली?’ सैनिक म्हणेल, ‘कोण ती? भिंत आहे.’

लॅटिन क्रियापदांचा साठा मोठा आहे, पण तुम्हाला तीनच पुरतील. ‘रेसोनारे’, घुमणं किंवा उलट वाजणं. ‘रेद्देरे’, परत देणं. ‘रेस्पोन्देरे’, उत्तर देणं. सिसेरो एका भाषणात म्हणतो, की खडक आणि ओसाड राने आवाजाला उत्तर देतात. याला मराठीत ‘प्रतिसाद’ लिहू नका, तो शब्द आता सर्वेक्षणाचा झालाय. ‘पडसाद’ मूळचा अगदी योग्य होता (प्रतिशब्द, त्याचं प्राकृतात पडिसद्द, त्याचा पडसाद), पण वर्तमानपत्रांनी तो निवडणुकीला आणि मोर्च्याला देऊन टाकला. कुणी ‘भिंतीतून पडसाद उमटले’ म्हटलं तर श्रोत्याच्या डोळ्यांपुढे विधानसभाच येईल. सरळ ‘ओ देणं’ वापरा. ‘डोंगर ओ देतो’ हे आपल्याकडे कुणालाही कळतं, आणि सिसेरोच्या वाक्याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला जुळा तोच आहे.

ग्रीकमध्येही क्रियापदं आहेतच. ‘अन्तेखेइन’, म्हणजे समोरून उलट वाजणं. यातला ‘अन्ति’ पाहून बरेच जण आपला ‘प्रति’ तिथे चिकटवतात. अर्थ जुळतो, कूळ जुळत नाही. आपल्या प्रतिचा ग्रीक भाऊ ‘प्रोती’ किंवा ‘प्रोस’, आणि अन्तिचा संस्कृत भाऊ ‘अन्ति’, म्हणजे जवळ, समोर. उलट लॅटिन ‘सोनारे’ आणि आपला ‘स्वन’ हे खरे नातेवाईक. तुमच्या श्रुतिकेला याचा काही उपयोग नाही, पण तुम्ही टिपणात ‘प्रति म्हणजेच अन्ति’ असं लिहिलंत, म्हणून सांगितलं. युद्धाची आठवण हवी असेल तर ग्रीक नाटककार एस्किलसकडे जा. ख्रिस्तपूर्व 472 च्या नाटकात सालामिसच्या लढाईचं वर्णन आहे. ग्रीकांचा रणघोष उठतो, आणि बेटाच्या कड्यावरून एखो तोच घोष उलट करते. तिथलं क्रियापद ‘अलाला’ या घोषणेवरूनच बनलंय. हरलेल्या शहरातल्या म्हाताऱ्याला त्या जुन्या विजयाचं नाटक आठवलं, तर सैनिकाच्या ओरडण्याला वेगळीच धार येईल.

आता जागा. विट्रुव्हिअस हा रोमन वास्तुरचनाकार, पुढच्या शतकातला. त्यानं नाट्यगृहासाठी जागा निवडताना आवाजाचे चार स्वभाव सांगितले आणि प्रत्येकाला लॅटिनबरोबर ग्रीक नावही दिलं. तुमच्यासारख्या प्रश्नाला याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं नाही. पहिली जागा आवाज वर आपटून खाली दाबणारी, त्यामुळे पाठोपाठ येणारा आवाज चढूच शकत नाही. हिला ग्रीकमध्ये ‘कतेखून्तेस’. (याच क्रियापदाचा पुढे ‘कानावर घालून शिकवणं’ असा अर्थ झाला आणि ख्रिस्ती घरांत माहीत असलेला ‘कॅटेकिझम’ त्यातून आला.) दुसरी आवाजाला गोल गोल फिरवून मध्येच विरघळवून टाकणारी. तिसरी, लॅटिनमध्ये ‘रेसोनान्तेस’ आणि ग्रीकमध्ये ‘अन्तेखून्तेस’, आवाज उलट फेकणारी. चौथी आवाजाला खालून साथ देऊन वर चढवणारी, आणि हीच चांगली.

तिसऱ्या जागेबद्दल तो जे म्हणतो, ते मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. तिथे आवाज कठीण पृष्ठभागावर आपटून परत येतो, त्याच्या इमागो उठतात आणि शब्दांचे शेवटचे प्रत्यय दोनदा ऐकू येतात. ग्रीक-लॅटिनमध्ये कोणी कोणाला मारलं ते शेवटच्या प्रत्ययावर ठरतं, त्यामुळे प्रत्यय बिघडले तर नाटक गेलं. मराठीचंही तेच. ‘सैनिकानं’ आणि ‘सैनिकाला’ यांतला ‘नं’ आणि ‘ला’ एकमेकांवर चढले, तर खुनी कोण ते कळायचं नाही. दुसऱ्या प्रकारच्या जागेत हे प्रत्यय गिळलेच जातात, अशी त्याची तक्रार आहे.

त्याच पुस्तकात नाट्यगृहातल्या कांस्याच्या भांड्यांची माहिती आहे. ग्रीकमध्ये ‘एखेइआ’, म्हणजे पुन्हा ‘एखे’चंच कूळ. बैठकांखाली कोनाडे करून, ठरावीक स्वरांना लावलेली ही भांडी उपडी, एका कडेनं उचललेली ठेवायची, म्हणजे नटाचा आवाज त्यांना स्पर्शून अधिक स्वच्छ होतो. आणि हे वाचा: विट्रुव्हिअस म्हणतो, की लुकिउस मुम्मिउसनं कॉरिंथचं नाट्यगृह पाडलं, तिथली कांस्याची भांडी रोमला नेली आणि लुटीतला भाग म्हणून लूना देवीच्या देवळात वाहिली. मुम्मिउस म्हणजे तुमच्या सैनिकाचाच सेनापती! त्यामुळे एक तर तुमचा प्रसंग नाट्यगृह पाडण्याच्या आदल्या दिवशी ठेवा, नाहीतर पडझडीत. मी असते तर आदला दिवस घेतला असता. सैनिक सोंगट्या थांबवून एक भांडं ओढून काढतोय, त्याला ते स्वयंपाकाचं वाटतंय, आणि म्हाताऱ्याला माहीत आहे ते काय आहे.

आवाज किती वेळा परत येतो, असंही तुम्ही विचारलंय. ऑलिंपियात एक लांब ओसरी होती, तिला सात आवाजांची म्हणत. प्लिनी आणि पाउसानिआस हे प्राचीन लेखक दोघेही सात वेळा आवाज परत येतो असं सांगतात, पाउसानिआस तर कधी त्याहून जास्त म्हणतो. रोमन कवी लुक्रेशिअस म्हणतो, की एकदा टाकलेला आवाज सहा-सात वेळा परत देणाऱ्या जागा मी पाहिल्यात. शाळेच्या सहलीत विजापूरच्या गोलघुमटात आमच्या गाइडनंही सातच सांगितले होते. आम्ही मोजायला लागलो तर चाळीस पोरांच्या किंकाळ्यांत एकही धड ऐकू आला नाही. श्रुतिकेत एकदाच परत आणा.

राहिला शब्दांचा खेळ. आपल्या नाटकाची एखो बोलकी असावी असं तुम्हाला वाटतंय, तर ती ग्रीक रंगभूमीवर खरोखरच येऊन गेलीय. विनोदी नाटककार अरिस्तोफानीसनं ख्रिस्तपूर्व 411 मध्ये युरिपिदीसच्या आदल्या वर्षीच्या नाटकाची टर उडवताना तिला बोलायला लावून प्रेक्षकांना हसवलंय. पण युक्ती शिकायची ती रोमन कवी ओविदकडून. त्याची एखो नेहमी वाक्याचा शेवटच उचलते आणि तेवढ्यानंच अर्थ उलटवते. तिच्या मनात भरलेला तरुण नार्किसस विचारतो, ‘एक्क्विस आदेस्त?’, इथे कोणी आहे? ती म्हणते, ‘आदेस्त’. मराठीत हे आपोआप जमतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं: ‘कोणी आहे?’ ‘आहे.’ फक्त ‘का’ लावू नका, नाहीतर परत ‘का’च येईल. पुढे तो झिडकारतो, की मी मरेन पण माझ्यावर तुझी सत्ता होऊ देणार नाही, आणि ती त्यातलं ‘तुझी माझ्यावर सत्ता होवो’ एवढंच परत देते. मी हे असं केलं होतं: ‘मरेन, पण काय म्हणून व्हावं तुझं?’ ‘व्हावं तुझं.’ तुमच्या सैनिकासाठी असंच वाक्य बांधा, ज्यात नकार किंवा प्रश्न सुरुवातीला संपून जातो आणि शेपटीत होकार उरतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल दोन शब्द. रेकॉर्डिस्ट सवयीनं रिव्हर्ब लावेल. तो नको, त्यानं नुसतं घुमेल आणि शब्द ओळखू येणार नाही. डिले, म्हणजे तोच आवाज थोड्या वेळानं सुटा ऐकवणं, लावायला सांगा. समोरची भिंत 34 मीटरवर धरली तर आवाज जाऊन-येऊन साधारण एक पंचमांश सेकंदानं परत येईल, तेवढा पुरे. आणि परत येणारा शब्द नुसता बारीक करून भागणार नाही, तो आखूड करा. वर्जिलच्या एका ओळीत खलाशी हरवलेल्या हिलासला हाका मारतात आणि सगळा किनारा ‘हिला, हिला’ म्हणतो. वृत्तात पहिल्या हाकेचा शेवटचा स्वर दीर्घ आणि दुसऱ्या हाकेचा ऱ्हस्व पडतो: ‘हिलाऽ, हिल’. ओविदनं निरोपाच्या ‘वले’ला तेच केलंय, पहिलं ‘वलेऽ’, एखोचं ‘वले’. तुमच्या नटाकडून दोन वेगवेगळ्या ‘आहे’ म्हणवून घ्या. पहिल्यात शेवटचा ‘हे’ ओढायचा, दुसऱ्यात तो ओठांवरच सोडून द्यायचा.